चौघांनी एकदम तक्रार केली तर

अहो, डॉक्टरांनी मला बजावलं होतं, आवाज करायचा नाही. खोलीत अंधार ठेवायचा, चप्पल बाहेर काढून यायचं, भांडं वाजू द्यायचं नाही आणि बोलायचंच असेल तर दाराबाहेर जाऊन बोलायचं. जरा कुठे खट्ट झालं की तुमचं सगळं अंग ताठ व्हायचं, म्हणून मी गप्प बसले. लग्न झाल्यापासून मी इतकी गप्प कधी बसले नव्हते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पदराचा बोळा तोंडात धरून मी तुमच्या खाटेशी बसलेली दिसले की येणारे म्हणायचे, बिचारी रडू दाबतेय. रडू नव्हतं ते. मला तुमच्याशी भांडायचं होतं.

आता तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, मागून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या. माझ्या आवाजाने आता कुणाचं काही बिघडणार नाही, तेव्हा मी बोलणार आहे आणि चांगली मोठ्याने बोलणार आहे.

सगळे तुमचं कौतुक करून गेले. बापूंनी इंजिनाला कान लावला की निदान झालं, बापूंचा शब्द कधी खाली पडला नाही, अख्ख्या ठाण्यात असा मेकॅनिक नाही. मी चहा देत होते आणि ऐकत होते. प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं की जो कधीच चुकला नाही तो माणूस आज घरी असता. पण सासूबाई समोर बसलेल्या, म्हणून चहाच देत राहिले.

तुम्ही चुकलात. एकदा नाही, दोनदा चुकलात, आणि दोन्ही वेळा मी तुम्हाला आधी सांगितलं होतं.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मधेच 'तुला काय कळतं' म्हणायला जागा राहणार नाही. मला जे कळतं ते तुम्हीच शिकवलंय. तुमचा हाताखालचा माणूस अचानक काम सोडून गेला तेव्हा तुम्ही गॅरेजमधून हाक मारलीत, 'अगं, जरा ये.' मी तांदूळ धुवत होते, तशीच ओल्या हातांनी आले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं तर दोन माणसं लागतात. एकाने प्लगच्या भोकावर दाब मोजणाऱ्या गेजचं रबरी तोंड गच्च दाबून धरायचं, दुसऱ्याने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबायचा आणि स्टार्टरची मूठ ओढायची. अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबला तर इंजिनाला श्वास घेता येत नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. तुम्ही म्हणायचात 'दाब', मी दाबायची. तुम्ही 'सोड' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही.

सासूबाईंनी त्या दिवशी जेवण टाकलं होतं. घरची सून परक्याच्या गाडीत, त्यातून ती विलायती टू-सीटर, दार गुडघ्याएवढं, लुगडं सावरून आत उतरायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. शेजारणी गॅलरीत येऊन बघायच्या. तुम्ही कुणालाच उत्तर दिलं नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी परत हाक मारलीत. माझ्या डोंबिवलीच्या बहिणीला तिच्या नवऱ्याने घरातल्या घड्याळाला चावीसुद्धा कधी देऊ दिली नाही. तुम्ही मला इंजिन वाचायला शिकवलंत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगतेय तेही रागातच सांगतेय.

गोरे साहेब देश सोडून जाताना कल्याणच्या छावणीतल्या आपल्या लाडक्या गाड्या मिळेल त्याला देऊन गेले, म्हणून आपल्या गॅरेजला बरकत आली. लांब नाकाच्या, तारांच्या चाकांच्या गाड्या. हौसेने घेतलेल्या आणि कुणालाच न समजणाऱ्या. तुम्ही युद्धात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं, तिथलंच ते गेज तुम्ही आणलेलं. दुरुस्ती झाली की मालकाला शेजारी बसवून बाळकुमपर्यंत चक्कर मारून यायचात. दोनच सीटा, त्यात तिसऱ्याला जागा कुठली. ठाण्यातल्या प्रत्येक उंची गाडीत मी बसलेय आणि एकाही गाडीतून तसूभर पुढे गेलेले नाही. एकदा आंबिवलीला नदीपर्यंत नेईन म्हणाला होतात. नेलं नाहीत. हाही राग आहे, पण तो लहान आहे, तो बाजूला ठेवते.

चार सिलिंडर म्हणजे एका घरातले चार भाऊ, असं तुम्ही सांगायचात. कोण किती जोर लावतो ते नंतर बघ, आधी त्यांच्यात आपसात फरक किती आहे ते बघ. सगळे सारखे असतील आणि आकडा जरा कमी असेल, तर ती गाडी म्हातारी आहे पण सुखी आहे. एकटाच मागे पडला तर त्याचंच काही दुखतंय. मग त्याच्यात चमचाभर तेल सोडायचं आणि परत मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, कारण तेलाने फट बुजवली. नाही चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारचे दोघे एकदम पडले तर त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलं. आणि मी विचारलं होतं, चारही एकदम पडले तर? तेव्हा तुम्ही काळं बोट नाचवत म्हणाला होतात, 'चौघांनी एकदम तक्रार केली तर आधी ऐकणाऱ्याचे कान तपासायचे.' पाय पुरा दाबला होता का, बॅटरी उतरलीय का, गेज ठीक आहे का.

हे वाक्य तुमचं आहे. मी ते विसरले नाही. तुम्ही विसरलात.

यंदा खंडेनवमीला तुम्ही अवजारांची पूजा स्वतः मांडलीत. दरवर्षी गेज पेटीत बंद असायचं आणि हळदकुंकू पेटीला लागायचं. यंदा तुम्ही त्याला नवीन रबर बसवलं होतं, त्याचं कोण कौतुक. पेटी उघडलीत, गेज पाटावर उभं केलंत, पार रबराच्या तोंडापर्यंत ओलं कुंकू लावलंत आणि मूठभर अक्षता वाहिल्यात. मी म्हटलं, अहो, तोंडाशी बारीक झडप आहे, आत काही जाईल. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. नारळ फोडलात. पूजा उतरल्यावर गेज पेटीत गेलं आणि दिवाळी संपेपर्यंत त्याला बाहेर काढायची वेळ आली नाही.

त्यानंतर पहिली गाडी आली ती कल्याणच्या लिमये वकिलांची, हिरवी टू-सीटर. थंडीत सकाळी लवकर सुरू होत नाही, एवढीच त्यांची तक्रार. मी आत बसले, तुम्ही गेज धरलंत. पहिला सिलिंडर पंच्याहत्तर पाऊंड. दुसरा पंच्याहत्तर. तिसरा सत्तर, चौथा पंच्याहत्तर. याच गाडीचे आकडे गेल्या वर्षी एकशे वीसच्या आसपास होते, ते आपल्या दोघांनाही पाठ होते. तुम्ही तेल सोडून बघितलंत, काटा जिथल्या तिथे. मग हात पुसलेत आणि वकिलांना सांगितलंत की चार सिलिंडरचे आठही व्हॉल्व्ह गेले, इंजिनाचं वरचं हेड उघडावं लागेल.

मी सीटवरून म्हटलं, 'आठही जण एकाच दिवशी जातात का?'

वकील हसले. तुम्ही हसला नाहीत. मी पुढे बोलले, कारण बोलण्यासारखंच होतं ते. वकील त्याच गाडीने मुंब्र्याचा चढ चढून, कळव्याचा पूल ओलांडून आले होते. ज्याचे आठही व्हॉल्व्ह गेलेत ते इंजिन चढाला रडतं, वकिलांची गाडी गात आली होती. मी म्हटलं, मागच्या गल्लीत डॉक्टरांची गाडी उभी आहे, तिला काही झालेलं नाही, तिला हे गेज लावून बघा. तिनेही पंच्याहत्तरच दाखवले तर गेजचं तोंड उघडून बघा. एवढंच म्हटलं. तुमचा चेहरा असा झाला की वकिलांनी हसू आवरलं आणि रस्त्याकडे बघायला लागले. 'पूजेचं अवजार आहे ते,' तुम्ही म्हणालात. 'त्याच्यावर संशय घेऊ नकोस. पाय काढ आणि आत जा.'

मी आत गेले. ती गाडी तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ती उघडायला घेतलीत. हेड सोडवायचं म्हणून आधी सायलेन्सरचा पाइप. त्याचा नट गंजून बसलेला. पाना निसटला आणि तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटला, गंज आतपर्यंत गेला. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन सुई घेऊन या, धनुर्वाताची सुई घ्या. दवाखाना काही विलायतेत नव्हता. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, माझ्या फळीवरचा डबा काढलात आणि जखमेत मूठभर हळद दाबलीत. युद्धात याहून मोठ्या जखमा हळदीने बऱ्या केल्यात म्हणालात. फडकं बांधलंत. मी परत म्हटलं. तुम्ही म्हणालात, 'कालपासून फार शहाणी झालीस.'

म्हणजे तेच. आदल्या दिवशी मी वकिलांसमोर बोलले होते. सलग दोन दिवस बायकोचं बरोबर कसं असेल? पहिल्या दिवशी ऐकलं असतंत तर तो नट सोडवावाच लागला नसता. दुसऱ्या दिवशी ऐकलं असतंत तर नट सोडवूनही तुम्ही वाचला असतात. मी बोलले याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. परत तशी वेळ आली तर आणखी मोठ्याने बोलेन, वकिलांच्या अशिलांनाही बोलावून आणेन.

जखम वरून सुकली. तुम्ही मला हात नाचवून दाखवलात, बघ म्हणून. मग एका सकाळी भाकरीचा घास तोंडात घालायला गेलात आणि जबडा उघडेना.

पुढचं मी बोलणार नाही. त्या अंधाऱ्या खोलीतलं मला कुणालाच सांगायचं नाही. एवढंच सांगते की तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि तुमचे डोळे चांगले शुद्धीवर होते. तुम्हाला काही बोलायचं होतं. चुकलं म्हणणार होतात की आत जा म्हणणार होतात, मला कळलं नाही. दात घट्ट बसले होते. मला ओरडता येत नव्हतं, तुम्हाला बोलता येत नव्हतं. इतकी वर्षं एकमेकांना गप्प बसा म्हणत आलो, आणि शेवटी दोघंही गप्प बसलो.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी गॅरेज उघडून बसले. तुमच्या पाठचा भाऊ, तुमच्याच हाताखाली शिकलेला, वाईट माणूस नाही. मी ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी वकिलांच्या गाडीवरचं कापड काढलं आणि पाने काढायला लागले. म्हटलं, काय करताय? म्हणाले, 'हेड उघडतो वहिनी. बापू बोलून गेलाय ना, व्हॉल्व्ह गेले म्हणून. त्याचं शेवटचं काम आहे, ते तरी पुरं करूया.'

मी म्हटलं, आधी परत मोजा. ते म्हणाले, बापूने मोजलंय. मी म्हटलं, गेज खोटं बोलतंय. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी तुमच्याबद्दलच वावगं बोलले. बापूचा शब्द खोटा पाडायचा, तोही आत्ता, लोक काय म्हणतील? आणि उघडल्यावर दिसेलच ना, व्हॉल्व्ह चांगले असले तर परत बसवू, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं. मी उठले आणि गाडीपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, 'भाऊजी, या गाडीचा एक नट फुकट फिरवला आणि आपल्या घरातला माणूस गेला. आता खरंच बिघडलंय असं कळल्याशिवाय दुसरा नट मी फिरवू देणार नाही.' त्यांनी पाना खाली ठेवला.

मी पेटी आणली. गेजचं तोंड सोडवलं. मला येतं ते, तुम्ही मला शेकडो वेळा दाखवलंय, हात काळे होतील म्हणून करू कधी दिलं नाहीत. रबराच्या आत सगळीकडे कुंकू वाळून बसलं होतं. आणि झडपेच्या खाली, अगदी बैठकीवर, अर्धी तुटलेली अक्षत अडकलेली. लाल झालेली. काटा चढायचा आणि त्या फटीतून हवा परत निसटायची. एवढंच. आठ व्हॉल्व्ह नाहीत, रिंगा नाहीत, अर्धा दाणा तांदूळ.

तुम्हाला नेल्यावर बायकांनी माझं कुंकू पुसलं. दोघी-तिघी होत्या, घाईघाईने पुसलं, डोळ्यांकडे न बघता. गेजवरचं पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते मी पुसलं. फडक्याला रॉकेल लावून, काडीने टोकरून, रबराच्या प्रत्येक वळीतून पुसलं. मी मान वर केली नाही, तर भाऊजींना वाटलं मी रडतेय. अहो, मला इतका राग आला होता की ते गेज रस्त्यावर फेकून द्यावं. फेकलं नाही, कारण मला आकडा हवा होता.

भाऊजींनी प्लग काढले, गेज मी धरलं. आत पाय दाबायला कुणी हवं होतं. भाऊजी बॅटरीच्या वायरी धरून उभे, त्या सैल झालेल्या. मी घराकडे बघितलं तर सासूबाई दारात. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी काही बोलायच्या आत त्या आल्या, लुगडं वर खोचलं आणि भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून त्या टू-सीटरमध्ये उतरल्या. ज्या गाडीवरून त्यांनी जेवण टाकलं होतं, तसल्याच गाडीत. 'कुठला पाय?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उजवा, पार तळापर्यंत, आणि मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.

'दाबा,' मी म्हटलं. माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला.

एकशे वीस. एकशे अठरा. एकशे वीस. एकशे पंधरा. काटा चढला आणि तिथेच उभा राहिला, ढिम्म हलला नाही. भाऊजींनी वाकून प्रत्येक आकडा स्वतः बघितला. मग ते नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. सकाळी गाडी का सुरू होत नव्हती, ते त्यांना नंतर लगेच सापडलं. प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला केसाएवढा तडा होता आणि सकाळचं दव त्यात उतरत होतं. टोपण बदललं की संपलं. यासाठी तुम्ही गेलात.

सासूबाई सीटवरच बसून होत्या, पाय दाबलेला. मी सोडा म्हणायला विसरले होते.

'सुमन,' त्या म्हणाल्या, 'म्हणजे त्याचं चुकलं?'

भाऊजी नळावरून म्हणाले, 'आई, गेजचं चुकलं.' मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. तुमचा शब्द तसाच राहिला असता, वकिलांना अवजार बिघडलं होतं असं सांगून मोकळं होता आलं असतं, आणि गावात कुणाला काही कळलं नसतं. पण गेजच्या तोंडात तांदूळ कोंबला तर त्याने काय करावं? त्याला बोलायचं होतं आणि तोंड अडकलं होतं. मी म्हटलं, 'नाही आई. यांचं चुकलं. मी सांगत होते आणि यांनी ऐकलं नाही.'

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर मला बोलतील. त्या पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, लहानपणापासून तसाच, एकदा बोलला की बोलला. आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, 'त्याला हे सांगितलंस का तू?'

'कधी सांगणार होते? तिथे आवाज करायचा नव्हता.'

'मग आता सांग,' त्या म्हणाल्या. 'आता काही होत नाही त्याला. मोठ्याने सांग.'

म्हणून सांगतेय. तुमचं चुकलं. गेज खोटं होतं, गाडी चांगली होती, हळदीने गंज निघत नाही आणि सुई घ्यायला हवी होती. वकिलांनाही मी तसंच सांगितलं, भाऊजींच्या देखत. त्यांनी हात जोडले आणि ते गाडी घेऊन गेले. कळव्याच्या पुलापर्यंत तिचा आवाज येत होता. चारही सिलिंडर सारखे वाजत होते. तुम्हीही ऐकत उभे राहिला असतात.

झालं माझं बोलून. आता तुम्ही बोला. म्हणा, तुला काय कळतं. म्हणा, पाय काढ आणि आत जा. पूजेच्या अवजारावर संशय घेऊ नकोस म्हणा. एकदा तोंड उघडून माझ्याशी वाद घाला, म्हणजे मी वकिलांना परत बोलावते, भाऊजींना आणि आईंना समोर बसवते आणि सगळ्यांच्या देखत सांगते की गेज बरोबर होतं, माझंच चुकलं.